किरवले सरांना त्यांच्या मृत्यूपासून सोडवा

दरवर्षी ३ मार्चला तोच फोटो मोबाईलवर फिरतो. खाली 'विनम्र अभिवादन' आणि त्याखाली 'निर्घृण हत्या'. डॉ. कृष्णा किरवले यांचा ३ मार्च २०१७ रोजी कोल्हापुरात राहत्या घरी खून झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागाचे हे माजी प्रमुख आयुष्यभर काय करत होते, असे विचारले की अभिवादन करणाऱ्यांपैकी बरेच जण 'दलित साहित्याचे अभ्यासक' एवढ्यावर थांबतात. आमचे म्हणणे असे की हा दुसरा अन्याय आहे. आणि तो थांबवणे आपल्या हातात आहे.

ते दिवस आठवा. २०१३ मध्ये पुण्यात दाभोलकर, २०१५ च्या फेब्रुवारीत याच कोल्हापुरात कॉ. पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला कलबुर्गी. त्यामुळे किरवले सरांची बातमी आली तेव्हा प्रत्येक परिवर्तनवादी माणसाच्या मनात एकच शंका आली, आणि ती येणे स्वाभाविक होते. पुढे पोलीस तपासात पैशाच्या व्यवहाराचे कारण समोर आले. आणि मग? कॅमेरे गेले, निषेधाचे फलक उतरले. ज्यांना शहीद हवा होता, त्यांना सर उपयोगाचे उरले नाहीत. ज्यांना 'बघा, यात विचारांचा काही संबंधच नाही' असे म्हणायचे होते, त्यांचेही काम झाले. दोन्ही बाजूंनी फक्त मृत्यू वाचला. माणूस कोणत्या कारणाने मारला गेला यावर त्याच्या विचाराची किंमत ठरवायची असते, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

मराठवाड्यातून आलेल्या या माणसाने संशोधनाला विषय कोणता घेतला, ते पाहा : 'आंबेडकरी शाहिरी : एक शोध'. ज्या काळात मराठीच्या विभागांत संत, पंत आणि तंत यांच्यापलीकडे शाहिरी गेली तर ती पेशव्यांच्या दरबारापर्यंत जाऊन थांबायची, त्या काळात त्यांनी वस्तीतला जलसा विद्यापीठाच्या दारात आणून उभा केला. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यांनी तमाशाचा बाज घेतला, पण आशय पार बदलला. पाणवठा, मेलेले ढोर, शाळा, संघटन हे विषय गाण्यातून आणि संवादातून अशा माणसांपर्यंत पोचवले, ज्यांना वाचता येत नव्हते कारण त्यांना वाचू दिले गेले नव्हते. पुढे वामनदादा कर्डकांनी तेच गाणे गावोगाव नेले. बाबासाहेबांचा विचार घराघरांत कसा गेला, या समाजशास्त्राच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या शाहिरीत आहे.

यावर प्रस्थापित समीक्षेचा ठरलेला आक्षेप असतो : हे प्रचारकी आहे, यात कलात्मकता कमी. आम्ही विचारतो, राजाच्या पराक्रमाचा पोवाडा झाला तर तो वीररस आणि माणूस म्हणून जगण्याचा हक्क मागणारा जलसा झाला तर तो प्रचार, ही फूटपट्टी कोणी बनवली? कीर्तन काय प्रचार नव्हे? कोणते गाणे साहित्य आणि कोणते नुसती घोषणा, हे ठरवण्याचा अधिकार हीच खरी सत्ता आहे. किरवले सरांनी त्या सत्तेलाच हात घातला.

त्यांचे दुसरे काम दलित आणि ग्रामीण साहित्यातील शब्दांच्या कोशाचे. तराळकी, जोहार, येसकर, बलुतं. या शब्दांमागे एकेक पिढीचे जगणे आहे. शंकरराव खरातांनी आत्मकथेला 'तराळ-अंतराळ' हे नाव दिले. आज शहरात वाढलेल्या आपल्याच मुलांना त्यातला 'तराळ' कळत नाही. शब्द गेला की अन्यायाचा पुरावाही जातो. मग उद्या कोणीही उठून सांगू शकतो की गावात सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. कोश हा म्हणूनच आमच्यासाठी साक्षीदाराचा जबाब आहे.

तिसरी गोष्ट खुर्चीची. सर विभागप्रमुख होते, विद्यापीठातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व विकास केंद्राचे संचालकही होते. आपल्याकडे अशी पदे 'आपला माणूस बसला' एवढ्यावर साजरी होतात. पण विभागप्रमुखाच्या टेबलावर अभ्यासक्रम ठरतो, संशोधनाचे विषय ठरतात, खेड्यातून आलेल्या पोराच्या विषयाला 'हा काय विषय आहे?' म्हणायचे की 'कर, मी आहे' म्हणायचे, हे ठरते. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, तिथे जागा मिळाल्यावर पुढचा प्रश्न हाच असतो : त्या जागेवर बसून ज्ञान कोणाचे निर्माण करायचे? सरांचे उत्तर त्यांच्या पुस्तकांत आहे.

म्हणून सभागृहाला नाव द्या, पुतळा करा, अशा मागण्यांत आम्हाला रस नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. सरांची पुस्तके दुकानात मिळाली पाहिजेत आणि ग्रंथालयात हाताला लागली पाहिजेत. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या वस्त्यांत जुन्या जलशांची, भीमगीतांची गाणी तोंडपाठ असलेली म्हातारी माणसे अजून आहेत. विद्यापीठाने विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे आणि गाणी चालीसकट ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. आणि जयंती मंडळांनो, १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीवर लाखाने पैसा उधळला जातो. त्यातला एक दिवस आणि थोडा पैसा वहीसाठी काढा. गल्लीतल्या आजीला बसवा, ती गाते ते लिहून घ्या. गाणे कोणी रचले, कोणत्या साली, कोणत्या सभेत म्हटले, हेही विचारा. आजी गेली की हे सांगणारे कोणी उरणार नाही.

सरांनी हेच केले : गाणाऱ्याचे नाव गाण्याला परत जोडले. ३ मार्चला फोटो जरूर पाठवा. पण त्याखाली खुनाची बातमी नको, 'आंबेडकरी शाहिरी'तले आपण वाचलेले एक पान लिहून पाठवा. ते वाचलेले नसेल, तर अभिवादनाची घाई करू नका. आधी वाचा.

जयभीम!