बीएचपीचं भूत

ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. एखादी तरी सापडेलच. पांढरी स्विफ्ट नाहीतर लाल अल्टो, मागे डब्याच्या तोंडाएवढा सायलेन्सर, काचेवर कुठल्यातरी परदेशी ट्यूनिंग कंपनीचा स्टिकर आणि डिकीवर 'टर्बो' असा चकचकीत बॅज. आत टर्बो आहे का? छे हो! पण मालकाला विचारा, तो छाती फुगवून सांगेल, "शंभरच्या वर बीएचपी काढतेय, बॉस!"

हे भूत सध्या आमच्या घरात शिरलंय. माझा मामेभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे. बंधुराजांनी मध्यंतरी सेकंडहँड स्विफ्ट घेतली, २०१६ची, पेट्रोल, व्हीएक्सआय. त्यात बोनस झाला. मग मला मेसेज आला, "ताई, तू गाड्यांवर लिहितेस ना? ऐंशी हजार बजेट आहे. काय काय करून घेऊ सांग." खाली यादी : फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट, रीमॅप, लोअरिंग स्प्रिंग्ज, सतरा इंची अलॉय. त्यानंतर अर्ध्या तासात मामीचा फोन. "दर शनिवारी रात्री पोरं लोणावळ्याला जातात. घाटात कोण आधी पोचतो ते बघतात म्हणे. तू सांग त्याला, आमचं कुठे ऐकतोय?"

आता बहीण म्हणून लेक्चर द्यायचं की ऑटो-कॉलमवाली म्हणून यादी तपासायची? मी यादी तपासायला घेतली. लेक्चर कोणी ऐकत नाही, आकडे ऐकतात.

आधी एक कबूल करायला हवं. छोट्या गाडीला पळवायची हौस म्हणजे नुसता टपोरीपणा नाही, तिला चांगलं खानदान आहे. आपल्याकडे १९८६पासून जी गोलसर मारुती ८०० रस्त्यावर दिसायला लागली, ती मुळात सुझुकीची जपानी अल्टो. आपल्या गाडीत ७९६ सीसीचं इंजिन, पॉवर चाळिशीच्या आत. त्याच पिढीच्या अल्टोची 'वर्क्स' नावाची आवृत्ती सुझुकीने जपानमध्ये १९८७ साली काढली. इंजिन आपल्यापेक्षा छोटं, फक्त ५४३ सीसी! पण डबल ओव्हरहेड कॅम, १२ व्हॉल्व्ह, टर्बो आणि इंटरकूलर. पॉवर किती? ६४ पीएस. त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी आपसात ठरवूनच टाकलं की या वर्गातल्या चिमुकल्या गाड्यांची पॉवर ६४च्या वर न्यायची नाही. आजही ती मर्यादा तिथे पाळली जाते. इकडे आपल्या ८००च्या इंजिनावर तर 'फॉर्म्युला मारुती'च्या सिंगल-सीटर गाड्या धावल्या. २००५ मध्ये जॉर्डनच्या गाडीतून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या नारायण कार्तिकेयनची सुरुवात त्याच फॉर्म्युला मारुतीतली. सांगायचा मुद्दा, छोट्या इंजिनातून दम काढता येतो. फक्त तो कुठून येतो हे समजून घ्यायला हवं.

तर येऊ द्या फिल्टर. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसीचं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त साधारण ३६०० लिटर हवा. एवढी हवा कंपनीचा साधा कागदी फिल्टरही आत सोडतो, फक्त तो स्वच्छ पाहिजे. महागडा कॉटन फिल्टर बसवला की एखाद-दुसरा बीएचपी मिळतो, तोही इंजिन पार वरच्या आरपीएमला असताना. बाणेर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तिथपर्यंत आपण जातो कधी? आणि तो शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, जो बोनेटखाली मस्त दिसतो, तो बरेचदा इंजिनाजवळची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, विरळ हवेत ऑक्सिजन कमी. म्हणजे पैसे भरून पॉवर घालवायची. पण आवाज मात्र भारी येतो, 'सूंऽऽ' करून. बऱ्याच मॉडिफिकेशनचं यश इथेच आहे : कान खूश झाले की पायाला वाटतं गाडी पळतेय.

जाता जाता एक गंमत. समुद्रसपाटीपासून वर जाल तशी दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते. पुणं साधारण ५६० मीटरवर. म्हणजे पुण्यातल्या प्रत्येक बिनटर्बोच्या गाडीची पाचेक टक्के पॉवर आधीच हवेत गेलेली असते! ८३ बीएचपीची स्विफ्ट पुण्यात चारेक बीएचपी कमी देते. फिल्टरपेक्षा जास्त पॉवर हवी असेल तर दादरला जाऊन या. पुणेकरांना हे सांगितलं की ते गप्प बसतात. असं क्वचितच होतं, म्हणून सांगितलं.

फ्री-फ्लो एक्झॉस्टचा फंडा तसा खरा आहे. जळलेला वायू जितका सहज बाहेर, तितकी नवी हवा सहज आत. पण पाइप जितका जाड तितका चांगला, हा मात्र गैरसमज. जाड पाइपमध्ये वायूचा वेग पडतो आणि कमी आरपीएमला इंजिन मरगळतं. छोट्या इंजिनाची अडचण मुळात तीच, खालचा टॉर्क. सिग्नल सुटल्यावर, स्पीडब्रेकर ओलांडल्यावर, फ्लायओव्हर चढताना लागतो तो हाच टॉर्क. तो घालवून ५५०० आरपीएमला दोन बीएचपी कमावणं म्हणजे घरचं भाडं थकवून क्लबची मेंबरशिप घेणं. शिवाय काही गॅरेजवाले पाइप बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच उडवतात. तो गाडीचा धूर साफ करणारा भाग. तो काढणं बेकायदा, आणि काढलेल्या कन्व्हर्टरला भंगारात चांगला भाव येतो हे गॅरेजवाला तुम्हाला सांगत नाही.

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, वगैरे. टर्बो गाडीत याचा चमत्कार दिसतो, कारण टर्बोचा दाब वाढवता येतो. वीस टक्क्यांपर्यंतची वाढ तिथे सहज बोलली जाते. रांजणगावच्या कारखान्यात जे १.३ लिटरचं फियाट मल्टिजेट डिझेल बनायचं, त्याच्यावर तर एका पिढीने हौस भागवून घेतली. (आणि मग क्लचचं बिलही भरलं. वाढलेला टॉर्क शेवटी क्लचमधूनच जातो ना!) पण बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत दाब वाढवायला काही नसतंच. पाच-सहा टक्के मिळाले तरी नशीब. बंधुराजांच्या बाबतीत म्हणजे चार-पाच बीएचपी, तेही महाग पेट्रोल घालण्याच्या अटीवर असू शकतात. महाग पेट्रोलवरून आठवलं, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल फक्त नॉकिंगला जास्त दाद देत नाही. इंजिन त्याचा फायदा घेण्यासाठी ट्यून केलेलं नसेल तर ते पैसे गंगार्पण.

मग मी त्याची डिकी उघडायला लावली. आत सबवूफरचा खोका, अख्खं क्रिकेट किट, पाण्याचा वीस लिटरचा जार आणि गेल्या दिवाळीतला आकाशकंदील. गाडी आणि तो मिळून वजन हजार किलोच्या थोडं वर. ८३ बीएचपीत तीन बीएचपी वाढवणं आणि या वजनातून सदतीस किलो उतरवणं, वेग पकडण्याच्या हिशेबात दोन्ही सारखंच. आम्ही ते सामान आमच्या वजनकाट्यावर थोडं-थोडं करून मोजलं. बावन्न किलो! आकाशकंदील सोडून. सबवूफर काढायला तो तयार नाही, आजही नाही.

सतरा इंची अलॉयवर मी थेट फुली मारली. मोठी चाकं वजनाला जड, आणि फिरणारं वजन ओढायला इंजिनाला डबल कष्ट. त्यात रबराची उंची कमी, म्हणजे आपल्या खड्ड्यात रिम वाकलीच. चाक-टायर बदलताना बाहेरचा व्यास तोच राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. व्यास पाच टक्क्यांनी वाढला की काटा १००वर असताना तुम्ही १०५ने जात असता. व्हीएक्सआयला कंपनीचे टायर १६५/८० आर१४. त्याच स्विफ्टच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर१५. गणित करून बघा, दोन्हींच्या व्यासात दोन मिलिमीटरचा फरक. कंपनीनेच वरच्या मॉडेलला दिलेला साइज घेणं हा सगळ्यात शहाणा अपग्रेड.

हे गणित समजावायला मी खाली वाकून टायर दाखवत होते, तेव्हा टायरच्या बाजूवरचा कोड दिसला. लंबगोलात चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. तिथे होतं ३२१६. म्हणजे २०१६च्या ऑगस्टमधला टायर. गाडीबरोबर आलेला! नक्षी बऱ्यापैकी शिल्लक, कारण आधीच्या मालकाने गाडी कमी चालवली. पण रबर कडक झालेलं, खाचांमध्ये बारीक भेगा. चारही टायर तसेच. या टायरवर आमचे बंधुराज पावसात शनिवारी रात्री खंडाळा उतरत होते.

"नक्षी आहे की गं," तो म्हणाला. मी त्याला भेगेत नख घालायला लावलं.

मग ब्रेकचं कव्हर न काढताच पुढचं बोलणं झालं. ताशी ८०वरून १००वर गेलात तर वेग वाढतो पंचवीस टक्के, पण थांबवायची ऊर्जा वाढते छप्पन्न टक्के. ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर तेच मानक १५५पर्यंत खाली येतं. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. ताम्हिणी किंवा वरंधा उतरताना पेडल स्पंजासारखं लागल्याचा अनुभव तुमच्यापैकी काहींना असेल. "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" यावर बंधुराज म्हणाले, "ते बदलतात?"

कायद्याचंही सांगून टाकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसी बुकातला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बेकायदा फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एस्टीमचं १.३ इंजिन झेनमध्ये बसवलेल्या गाड्यांच्या कथा आजही गॅरेजमध्ये ऐकू येतात. ऐकायला झकास आहेत. पण इन्शुरन्सवाल्याला न कळवता असं काही केलंत आणि क्लेम नाकारला गेला, तर कथा सांगायला गॅरेजवाला येणार नाही. शर्यतच लावायची असेल तर ऑटोक्रॉस आहे, कोइम्बतूरजवळचं कारी आहे. तिथे हेल्मेट असतं, डॉक्टर असतो, आणि समोरून ट्रक येत नाही.

ज्यांना खरंच पॉवर हवीय त्यांच्यासाठी एक न-ग्लॅमरस सल्ला : गाडी विका आणि कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली घ्या. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३मध्ये १.२ लिटरमधून १०५ पीएस देत होती. पोलो २०२२मध्ये बंद झाली, पण सेकंडहँड बाजारात अजून भाव खाते. २०२३च्या फ्रॉन्क्समध्ये ९९८ सीसीचं टर्बो इंजिन १०० पीएस देतं, वॉरंटीसकट. आणि टर्बोला पुण्याची उंची फारशी जाणवत नाही.

बंधुराजांनी काय केलं? चार नवे टायर, झेडएक्सआयच्या साइजची चाकं, पुढचे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, प्लग, शॉक ॲब्सॉर्बर, अलाइनमेंट. ऐंशीतले काही उरले. त्यातून त्याने तो कॉटन फिल्टर घेतलाच, मला न सांगता. कंपनीच्या बंद डब्यात बसणारा आहे, म्हणून मी काही बोलले नाही. मागच्या शनिवारी मामीचा पुन्हा फोन. "गाडीचा आवाज बदललाय गं थोडा. पण रविवारी सकाळी मला घेऊन सासवडला गेला, भर पावसात. एका म्हशीसमोर असा ब्रेक मारला, जागच्या जागी थांबली गाडी."

मी विचारलं, "आणि शनिवारी रात्री?"

"ते अजून जातोच," मामी म्हणाली. "आता तू एकदा ये जेवायला. त्या दिवशी त्याला घरीच ठेवते."

ठरलंय, येत्या शनिवारी. मेनूत पुरणपोळी आहे आणि गाडीची किल्ली मामीच्या डब्यात.