ध्वनिमुद्रिका घरी असताना

राजूरला आमच्या शेजारी खंजिरी भजन करणारे एक काका राहतात. फेब्रुवारी 2007 मध्ये मी रॉजर वॉटर्सच्या कार्यक्रमासाठी मुंबईला निघालो, तेव्हा पिशवी भरताना पाहून त्यांनी विचारले होते, "सर, त्या मानसाच्या साऱ्या कॅसेटी तुमच्या घरी हायेत ना? मंग येवढ्या दूर कायले चालले?" मी हसून वेळ मारून नेली. वणीपर्यंत एसटी, तिथून वर्धा, वर्ध्याहून रात्रीची गाडी असा तो प्रवास. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाच्या खिशाला जड वाटावे असे तिकीट. प्रश्न रास्त होता. पुढे अनेक वर्षे तो माझ्या मनात राहिला आणि हळूहळू लक्षात आले की, तो प्रवासखर्चाविषयीचा नसून सौंदर्यशास्त्रातला प्रश्न आहे. कलाकृती नेमकी कोठे असते? ती मुद्रिकेत पूर्णत्वाने सामावलेली असेल, तर मैदानावर जाऊन आपण काय मिळवतो?

साहित्याच्या अध्यापकांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा, असे माझे मत आहे. कारण आपण वर्गात जे शिकवतो, त्यातला फार मोठा भाग मुळात ऐकण्यासाठी, तोही समूहात बसून ऐकण्यासाठी जन्मलेला आहे, आणि आपण तो कागदावरून शिकवतो.

प्रथम माझ्या बाजूचा दुबळेपणा मान्य करतो. रॉक संगीताचा माझ्यासारखा जुना श्रोता मैदानावर जातो तो रसिक म्हणून कमी आणि तपासनीस म्हणून अधिक. कोळसाखाण आणि चुनाभट्ट्यांच्या गावात, कोणाच्या तरी थोरल्या भावाने नागपुरातून आणलेल्या कॅसेटवर वाढलेल्या आमच्या पिढीला एकेक गाणे पाठ होते. गिटारचा कोणता स्वर कोठे वळतो, कोठे श्वास ऐकू येतो, कोठे फीत घासली गेल्याने आवाज बुडतो, हे सारे. आमच्या दृष्टीने मुद्रिका हीच संहिता. कार्यक्रम म्हणजे त्या संहितेचे जाहीर वाचन, आणि वाचन संहितेशी जुळते की नाही हे पाहण्यासाठी आम्ही तिथे गेलेलो. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीला जाणारा श्रोता अशा अपेक्षेने जात नाही. कालचा यमन आज तसाच्या तसा गायला गेला, तर तो निराश होईल. रॉकच्या श्रोत्याला मात्र तसाच्या तसा हवा असतो. हे दास्य आहे, आणि ते ध्वनिमुद्रणाने लादलेले आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर त्या संध्याकाळी हा तपासनीस सुरुवातीला नाखूषच होता. व्यासपीठ दूर, पायाखाली धूळ, वाऱ्याबरोबर आवाज मागेपुढे होणारा. 'पिंक फ्लॉइड'च्या गाण्यांतील डेव्हिड गिलमूरचे गिटारवादन दुसरेच कोणी वाजवत होते. उत्तम वाजवत होते, पण ते 'ते' नव्हते. मग जुलै 2006 मध्ये निवर्तलेल्या सिड बॅरेटची छायाचित्रे पडद्यावर आली. बँडच्या आरंभकाळातला हा प्रतिभावंत 1968 मध्येच त्यातून बाहेर पडला होता आणि त्याच्या आठवणीत रचलेले गाणे आता त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी गायले जात होते. घरच्या मुद्रिकेत ते गाणे एका हरवलेल्या, पण जिवंत मित्राला उद्देशून होते. मैदानावर ते श्राद्ध झाले. स्वर तेच होते. अर्थ बदलला होता, कारण काळ बदलला होता, आणि तो बदल नोंदवण्याची सोय मुद्रिकेत नव्हती.

उत्तरार्धात 'द डार्क साइड ऑफ द मून' हा 1973 चा संपूर्ण अल्बम सादर झाला. आम्ही ज्याला मूळ संहिता मानत होतो ती हीच. परंतु या अल्बमचा इतिहास पाहिला की संहितेविषयीची आपली श्रद्धा डळमळते. मार्च 1973 मध्ये तो प्रसिद्ध होण्यापूर्वी, 1972 मध्ये वर्षभर, पिंक फ्लॉइडने ही रचना प्रेक्षकांसमोर सादर केली होती. तिची घडण अंशतः रंगमंचावर झाली. स्टुडिओतले रूप नंतरचे. म्हणजे ज्याला आम्ही मूळ समजत होतो, ते एका दीर्घ प्रयोगमालिकेतले स्थिरावलेले एक रूप होते. मराठीच्या विद्यार्थ्याला हे चमत्कारिक वाटू नये. आपली संतवाणी, आपले पोवाडे, लावण्या याच वाटेने कागदापर्यंत आल्या. गाथेतला अभंग हा कीर्तनाच्या आणि दिंडीच्या अंगणातून उचलून आणलेला आहे. फरक इतकाच की पिंक फ्लॉइडच्या बाबतीत तारखा उपलब्ध आहेत, आणि आपल्याकडे पाठभेद.

कार्यक्रमाच्या अखेरीस शाळेविरुद्धचे ते प्रसिद्ध गाणे आले, विद्यार्थ्यांना भिंतीतल्या विटा बनवणाऱ्या शिक्षणाला नकार देणारे. भोवतालचे हजारो लोक ते गात होते आणि त्यांच्याबरोबर मीही गात होतो. घरी ते मी शेकडो वेळा ऐकले असेल, आणि प्रत्येक वेळी विद्यार्थ्याच्या बाजूने ऐकले असेल. त्या गर्दीत प्रथमच जाणवले की, दोन दिवसांनी मला वर्गावर जायचे आहे, हजेरी घ्यायची आहे, आणि या गाण्यातला मास्तर आता मी आहे. एकट्याने ऐकताना हा अर्थ मला टाळता आला होता. माझ्या शेजारी एक विशीतला मुलगा घसा फोडून गात होता. त्याच्यामुळे तो टाळता आला नाही.

अभिनवगुप्ताने 'तंत्रालोका'त या अनुभवाविषयी फार मार्मिक विवेचन केले आहे. नृत्यगीतादी प्रसंगी अनेक प्रेक्षक एकाच वेळी तन्मय होतात, तेव्हा प्रत्येकाची संकुचित झालेली संविद् इतरांच्या संविदेत प्रतिबिंबित होऊन विस्तारते, आणि एकट्याला न मिळणारा आनंद सर्वांना मिळतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. पुढचा भाग आजच्या मैदानांना अधिकच लागू पडतो: त्या समूहात तन्मय न झालेला एखादा जरी असला, तरी तो खडबडीत स्पर्शासारखा सगळ्यांना खुपतो. हातातला फोन उंच धरून संपूर्ण गाणे चित्रित करणाऱ्या श्रोत्याचे याहून नेमके वर्णन मी कोठे वाचलेले नाही. आपण काव्यशास्त्राच्या पेपरात साधारणीकरण शिकवतो ते एकट्या वाचकाच्या संदर्भात. अभिनवगुप्तासमोर मात्र सभागृह होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. समूहात विरघळणे हा आस्वाद की उन्माद? मराठी साहित्यव्यवहारात रॉकविषयी जी अढी आहे, तिच्या मुळाशी परकेपणापेक्षा ही शंका अधिक असावी. शंकेला आधारही आहे. डिसेंबर 1969 मध्ये कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे 'रोलिंग स्टोन्स' गात असताना, व्यासपीठासमोरच एका तरुणाची भोसकून हत्या झाली. गाणाऱ्या गर्दीला आपोआप माणुसकी येते असे नाही.

पण मग आपल्या जवळचे उदाहरणही लक्षात घ्यावे लागेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात एक खंजिरी आणि समोर हजारोंचा समुदाय, एवढ्याच सामग्रीवर विदर्भातली खेडी पेटून उठली होती. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर-आष्टीचा उठाव झाला, त्याच महिन्यात इंग्रज सरकारने महाराजांना अटक केली. छापील भजनावलीचे सरकारला एवढे भय वाटले असते असे मला वाटत नाही. भय होते ते त्या भजनांच्या प्रत्यक्ष गायनाचे. वामनदादा कर्डकांची गाणी 14 एप्रिलच्या रात्री वस्तीत उभे राहून ज्याने ऐकली आहेत, त्यालाही समूहाच्या गाण्याची शक्ती समजावून सांगावी लागत नाही. गर्दी उन्मत्त होऊ शकते, तशी जागीही होऊ शकते. यांतला भेद सांगणे हे समीक्षेचे काम आहे, आणि दारातच नाक मुरडून ते होणार नाही.

याचा अर्थ रॉक म्हणजे आपले भजनच, असे समीकरण मी मांडत नाही. असली समीकरणे सुखद आणि खोटी असतात. खंजिरी भजनाला तिकीट नसते, ध्रुपद उचलणारा प्रत्येक जण त्यात गायक असतो, आणि भजन आटोपल्यावर सगळे एकाच गावात परततात. रॉकचा कार्यक्रम हा बाजारातला व्यवहार आहे. तो संपला की माणसे एकमेकांना कायमची अपरिचित होतात. मला वाटते, त्याची किंमत आणि त्याचे मोल दोन्ही इथेच आहे. जात, आडनाव, गाव यांपैकी काहीही ठाऊक नसलेल्या माणसाबरोबर एका सुरात गाण्याची संधी आपल्या समाजात फार ठिकाणी मिळत नाही.

आणि म्हणूनच ती संधी कोणाला मिळते, हा प्रश्न गौण नाही. मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स महाविद्यालयालगत रंगभवन नावाचे खुले नाट्यगृह आहे. 1978 पासूनची 'जॅझ यात्रा' तिथे भरली. 1980 मध्ये 'द पोलीस' हा इंग्लिश बँड तिथे वाजवून गेला. 1986 मध्ये सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भारतीय बँडसाठी हक्काचे व्यासपीठ ठरला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला, आणि या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच रंगभवनातले संगीत थांबले. रुग्णाच्या झोपेपेक्षा माझी आवड मोठी आहे, असे मी म्हणणार नाही. नियम योग्यच होता. खंत ही की, शहराच्या मध्यभागी, लोकल गाडीने पोहोचता येईल असे, विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारे दुसरे खुले नाट्यगृह त्या बदल्यात उभे राहिले नाही. संगीत शांतता क्षेत्रातून उठले ते थेट क्रीडासंकुलात गेले.

परिणाम आपल्यासमोर आहे. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले. अधिकृत तिकिटे 2,500 रुपयांपासून 35,000 रुपयांपर्यंत होती, ती पाहता पाहता संपली, आणि पुनर्विक्रीत लाखांचे आकडे ऐकू आले. बँडला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या समूहात विरघळण्याचे गोडवे मी वर गायले, त्या समूहाची निवड जर दारावरच्या दराने होणार असेल, तर तो समूह आधीच एकजिनसी झालेला असतो. एकसारख्यांनी एकसुरात गाण्यात विशेष ते काय? 2007 मध्ये माझ्या शेजारी उभा असलेला तो मुलगा आज त्या मैदानात असेल का, याची मला शंका वाटते. राजूरचा मुलगा तर नसेलच. त्याच्या फोनवर जगातले सारे रॉक संगीत आहे, कॅसेटच्या काळातल्या आम्हांला हेवा वाटावा इतके. ऐकणे स्वस्त झाले आणि हजर असणे महागले.

काही वर्षांपूर्वी मी काकांचा प्रश्न त्यांनाच परत विचारला. राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला ते न चुकता गुरुकुंज मोझरीला जातात. "काका, सारी भजने तुम्हांला तोंडपाठ आहेत. मग दरवर्षी मोझरीला कशाला जाता?" ते म्हणाले, "पाठ हायेत म्हनूनच जातो ना, सर. ज्याले पाठ नसन, तो पुस्तक पाहीन." मोझरीला त्या दिवशी लाखोंचा समुदाय मौन राहून श्रद्धांजली वाहतो. त्या मौनाचे ध्वनिमुद्रण केले, तर मुद्रिकेवर काय उरेल?

आता मी अभंग शिकवताना निदान एक तास पुस्तक मिटून घेतो. वर्गातल्या कोणाला ना कोणाला चाल येत असते. मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलाला हटकून येते. तो गातो, बाकीचे ध्रुपद धरतात, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. मग आम्ही पुस्तक उघडतो. अर्थ त्यानंतर सांगतो, आणि बराचसा सांगावा लागत नाही.