‘जपून जा’ म्हणणाऱ्यांस

आमच्या बुटीबोरीचं आणि प्रवासाचं नातं मोठं विचित्र आहे. एका अंगाला नागपूर-वर्धा रेल्वेलाईन, दुसऱ्या अंगाला हैदराबादकडे धावणारा महामार्ग आणि मधल्या बेचक्यात आम्ही. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्या बोरीशी आमच्या बोरीची काही सोयरीक नाही; पण १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, तेव्हापासून ती आमच्या दारावरून जाते आहे. जाते, एवढंच. थांबणाऱ्या गाड्या थोड्या. त्यामुळे प्रवास ही करायची नसून बघायची गोष्ट आहे, असं आमच्यापैकी बऱ्याच जणांचं मत झालं आहे. आणि माणूस जी गोष्ट नुसती बघतो, तिच्यावर सल्ला फार उत्तम देतो, हे क्रिकेटवरून आपल्याला ठाऊक आहेच.

तर आमच्या हिचं पुण्याचं तिकीट निघालं. एकटीचं. मुलीचं दुसरं बाळंतपण तोंडावर आलेलं, आणि माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झाल्यामुळे डॉक्टरांनी मला घरी बसवलेलं. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ही पहिल्यांदा एकटी निघणार होती. तोवरचा तिचा भूगोल म्हणजे नागपूर, वर्धा आणि माहेरचं आर्वी. तोही माझ्यामागून चार पावलं चालत केलेला.

बातमी फुटली आणि त्या संध्याकाळपासून आमच्या ओसरीवर सल्लागार मंडळाच्या बैठका सुरू झाल्या.

समोरच्या काकूंनी पहिला नारळ फोडला. “रात्री डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, बाई. चपला उशाशी. बांगड्या पदराखाली. कोणाशी बोलायचं नाही, कोणाच्या हातचं खायचं नाही, आन् पाणी कमी प्यायचं, म्हणजे उठावं लागत नाही.” मी मनाशी हिशेब केला. न झोपता, न बोलता, न पिता, चपला उशाशी घेऊन रात्रभर टक्क डोळ्यांनी बसलेली बाई डब्यातल्या लोकांनी पाहिली, तर ते हिच्याबद्दलच पोलिसांना कळवायचे.

मग आले मागच्या गल्लीतले निवृत्त भाऊसाहेब. त्यांनी ऐन उमेदीत पुण्याच्या दोन खेपा केलेल्या असल्यामुळे ते आमच्याकडचे ह्युएनत्संग. “वहिनी, एकच ध्यानात ठेवा. दौंडला इंजिन दुसऱ्या टोकाला लागते आन् गाडी उलटी धावते. घाबरायचं नाही. आणि तिकिटात सीनियर सिटिझनची सूट घेतली ना? बायांना अर्धं तिकीट असते.” ही सूट मार्च २०२० मध्येच बंद झाली, असं मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. काहून बंद करतील बाप्पा, असं त्यांचं म्हणणं. मी रेल्वेमंत्री नसल्यामुळे गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवसापर्यंत आमच्या घरात तीन दरोडे, दोन विषप्रयोग, एक चुकलेली गाडी आणि कुणाच्या तरी आतेबहिणीची मनमाडला हरवलेली ट्रंक एवढा ऐवज जमा झाला. ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो मात्र कधीच समोर नसतो. तो नेहमी मावसभावाच्या साडूच्या ऑफिसातला असतो. आणि या सगळ्या भाषणांचा शेवट ठरलेला. उंबऱ्यात थांबून, आवाज खाली आणून म्हणायचं, “बाकी काही नाही. जपून जा.”

चौथ्या दिवशी ही भांडी घासता घासता म्हणाली, “अहो, मी राहू द्यावं म्हणते. तिच्या सासूबाई आहेतच की तिथे.”

आता इथे मला हसून पुढे जाता येत नाही, कारण हेच वाक्य मी यापूर्वी एकदा ऐकलं आहे.

फार वर्षांपूर्वी माझी आई गल्लीतल्या बायांबरोबर आषाढीला पंढरपूरला जाणार होती. पिशवी भरून झाली होती. तेव्हा सल्लागार मंडळाचा अध्यक्ष मी होतो. गर्दी केवढी असते, चेंगराचेंगरी कशी होते, पटकी कशी पसरते, हे मी तिला तीन दिवस समजावून सांगितलं. मी स्वतः पंढरपूर तोवर कॅलेंडरवर पाहिलं होतं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “राहू दे रे, पुढच्या वर्षी पाहू.” मी तिला ‘जाऊ नकोस’ असं एकदाही म्हटलं नव्हतं, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पुढचं वर्ष काही आलं नाही. पिशवी तिच्या मागे माळ्यावर सापडली. आत एक धडुतं, तांब्या आणि बुक्क्याची पुडी.

म्हणून माझं सगळ्या सल्लागारांशी भांडण आहे, आणि त्यात मीही आलो. पहिल्यांदा निघालेल्या माणसाला तुम्ही माहिती देत नाही हो, भीती देता. माहिती द्यायची तर आधी ती असावी लागते. भीतीला भांडवल लागत नाही. आणि गंमत अशी, की कोणाला द्यायची तेही तुम्हाला बरोबर कळतं. आमचा अठरा वर्षांचा पुतण्या बंगळूरला गेला तेव्हा त्याला सगळ्यांनी मिळून एकच विचारलं, “पैसे आहेत ना?” चपला उशाशी घ्यायला त्याला कोणी सांगितलं नाही. ती काळजी आपण बायकांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवतो.

हे आजचंही नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. नवरा बरोबर नाही, कलकत्त्याहून बोट, आणि पुढे समुद्रच समुद्र. इतके लोक इतके आक्षेप घ्यायला लागले, की त्या मुलीला बंगालमधल्या श्रीरामपूरला सभेत उभं राहून आपण का जातो आहोत, त्याचे जबाब द्यावे लागले. आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी समुद्र ओलांडला होता? आमच्या ओसरीवर बसले असते तर सगळे खपून गेले असते.

कुणी म्हणेल, मग काय जपून जाऊ नये? जावं की. गाडीत गुंगीचं औषध घालून लुटल्याचे प्रकार होतात, स्टेशनवर तशा सूचनाही ऐकवतात. ते काही काकूंच्या मनचं नाही. पण काकू इतकंच सांगतात आणि कामाचं ते राहून जातं. पंचेचाळिशीपुढच्या बाईसाठी खालचे काही बर्थ राखीव असतात, ते तिकीट काढतानाच पाहायचं, हे हिला कोणी सांगितलं? मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडायचा, त्याआधी कोणी उघडला तर सरळ बोलायचं, हे? अडचण आली तर १३९ नंबर फिरवायचा, हे? मोबाईलवरच्या तिकिटाबरोबर ओळखपत्र अस्सल लागतं, झेरॉक्स चालत नाही, हे? आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे, कळलं नाही तर विचारावं, विचारण्यात लाज नाही, हे? ‘कोणाशी बोलू नकोस’ म्हटलं की ती वाटच बंद. मग डबा कुठे येतो, हे ती बाई फलाटाला विचारणार आहे काय?

असं बरंच काही मी हिला त्या रात्री जेवताना सुनावलं, आणि जरा आवाजही चढला. ही शांतपणे म्हणाली, “मग तुम्ही हे काय लिहून दिलंय?” आणि फ्रिजवरचा कागद पुढे केला. त्यावर माझ्या अक्षरात सत्तावीस सूचना होत्या. सातवी : कोणाच्या हातचे खाऊ नये. एकोणिसावी : खिडकीजवळ बसू नये.

ती गेली. पुतण्याने तिला मोटारसायकलवरून नागपूर स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. उत्तरेला तीसएक किलोमीटर जायचं, गाडी पकडायची आणि त्याच गाडीने पुन्हा आपल्याच गावावरून दक्षिणेला यायचं, हा आम्हा बुटीबोरीकरांचा पुण्याचा रस्ता. मी फोन हातात धरून बसलो होतो. तो वाजला.

“अहो, बुटीबोरी गेली आत्ता.”

“बरं. सामान नीट ठेवलंस?”

“केवढीशी आहे हो आपली बुटीबोरी! मला वाटलं होतं, मोठी असेल.” म्हणजे एकोणिसावी सूचना पहिल्या अर्ध्या तासातच मोडली होती.

नंतर रात्रभर फोन नाही. मी चपला उशाशी घेतल्या नव्हत्या, पण झोपलोही नाही. सकाळी तिचा घाबरा आवाज. “अहो, गाडी उलटी झालीच नाही! मी मघापासून वाट पाहून राहिले. चुकीच्या गाडीत तर नाही ना बसले मी?” भाऊसाहेबांची दौंड! आता बऱ्याच गाड्या दौंड कॉर्डलाईनने परस्पर पुण्याकडे वळतात, इंजिन फिरवायचा कारभारच उरलेला नाही. पण भाऊसाहेबांची गाडी अजून जुन्याच रुळावर. अख्ख्या प्रवासात ही एकदाच घाबरली, ती घाबरू नको म्हणून दिलेल्या सल्ल्यामुळे. मी काही सांगणार तोच पलीकडून कुणा बाईचा आवाज आला, “अहो ताई, पुण्याचीच आहे गाडी. बसा, चहा घ्या.” आणि फोन बंद झाला.

दीड महिन्याने ही परत आली. नातीचे फोटो, मुलीने दिलेली साडी आणि माझा सत्तावीस सूचनांचा कागद. त्याच्या मागच्या बाजूला हिच्या अक्षरात लिहिलं होतं : अर्धा किलो जवस, लसूण दोन गड्डे, तिखट अंदाजाने, जवस आधी कोरडे भाजणे. खाली अकोल्याचा एक फोन नंबर.

“सातवी सूचना?” मी विचारलं.

“त्यांचा नातू खात होता ना त्याच डब्यातून,” ही म्हणाली. “तेवढं पाहिलं मी.”

हल्ली समोरच्या काकू अधूनमधून येऊन ती चटणी वाटीभर मागून नेतात. पुढच्या महिन्यात त्यांना मुलाकडे सुरतेला जायचं आहे, एकट्यानेच. भाऊसाहेब कालच येऊन गेले म्हणे.