कानाचं वेगळं, डोळ्यांचं वेगळं
वाचता-ऐकता : साप्ताहिक स्तंभ

तमिळनाडूत सरकारी अभ्यासक्रमाच्या शाळांमध्ये १९६८ पासून दोनच भाषा आहेत, तमिळ आणि इंग्रजी. ते बरं की वाईट, हा वाद आज नको. पण चेन्नईच्या नुंगंबाक्कममधल्या मराठी घरांत त्याचा एक परिणाम रोज दिसतो आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांच्या तो ध्यानीमनीही नसतो. पोरं आईशी मराठीत भांडतात, आजीशी फोनवर तासभर मराठीत गप्पा मारतात, पण देवनागरीची ओळ पुढे ठेवली की गप्प होतात. सीबीएसईतली काही मुलं हिंदीच्या पुण्याईवर अक्षरं लावत जातात, इतकंच.

म्हणून नगरकडून किंवा वसईहून नोकरीनिमित्त इथे आलेली ख्रिस्ती माणसं ‘मुलांसाठी कोणतं मराठी बायबल घेऊ?’ असं विचारतात, तेव्हा नेहमीची उत्तरं उपयोगी पडत नाहीत. मोठ्या टाइपाचं घ्या, चेनवालं घ्या, तुमच्या गावची मंडळी वापरते ते घ्या, हे सगळं अक्षरओळख असलेल्यांसाठी. शिवाय इथे रविवारची उपासना बहुधा तमिळमध्ये नाही तर इंग्रजीत होते, तेव्हा मराठी पवित्र शास्त्र उघडायचं ते घरी, आणि उघडायचं म्हणजे बहुतेक वेळा फोनवर ऐकायचं. माझं मत सरळ आहे. आधी कानासाठी भाषांतर निवडा, मग डोळ्यांसाठी. ही दोन भाषांतरं वेगवेगळी निघाली तर बिघडत काहीच नाही.

ऐकणं म्हणजे वाचनाची धाकटी, आळशी बहीण, असा आपल्याकडे एक समज आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पायाच ऐकण्यावर घातला गेला हे त्या समजात बसत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या! ते बायबलचं भाषांतर नव्हे, जुन्या-नव्या कराराच्या कथा ओवीत सांगणारं पुराण आहे. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या जागी त्यांना काहीतरी हवं होतं. गंमत अशी की या मराठी ग्रंथाची छपाई रोमन लिपीत झाली, कारण देवनागरीचे खिळेच तिथे नव्हते. लोकांना त्याची अडचण झाली नाही. सणावाराला, मिस्सेनंतर कोणीतरी गाऊन वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आज इथली मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज लिहितात म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी राशोलचा छापखाना आठवावा.

(तमिळ मुलखात देवनागरी छपाई फार लवकर आली, हे जाता जाता सांगतो. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ छापली. राजे मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या हाताखाली शिकलेले. आणि छापलं काय, तर इसापच्या गोष्टी.)

छापील मराठी बायबलची कहाणी बंगालात सुरू होते. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने श्रीरामपुरात नवा करार तयार केला, तो १८११ मध्ये निघाला. मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली आपला वेगळा नवा करार काढला. म्हणजे पंधराच वर्षांत ‘ही मराठी आमच्या माणसांची नाही’ हा वाद उभा राहिला होता. तो आजवर संपलेला नाही, आणि संपूही नये.

त्या वादातलं मला सगळ्यात जवळचं नाव पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये त्या डॉक्टरीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि कानांनी दगा दिल्यामुळे ती वाट बंद झाली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणायला घेतलं. वर्षानुवर्षं ते काम चाललं. खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि सगळा ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. फार न शिकलेल्या बायांना कळावं हा त्यांचा हट्ट होता आणि मूळ शब्दाला चिकटून राहावं हाही होता. हे दोन्ही हट्ट प्रत्येक पानावर गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. काही वाक्यं खडबडीत लागतात, पण डोळ्यांसमोर ठेवून, थांबत थांबत वाचायला त्या खडबडीतपणाचा फायदाच होतो. मूळ वाक्याचा सांगाडा हाताला लागतो. ऐकायला मात्र मी ते कोणाला सुचवणार नाही.

आता आजचं. फोनवरच्या ॲपमध्ये मराठी निवडलं की चार-पाच आवृत्त्या समोर येतात: बायबल सोसायटीची जुनी आर. व्ही., त्याच सोसायटीची सोप्या भाषेतली सी. एल., मराठी समकालीन आवृत्ती, सोपी वाचन आवृत्ती, शिवाय आय. आर. व्ही. यादीत जी पहिली दिसेल तिच्यावर बहुतेक जण बोट ठेवतात आणि जन्मभर तीच ऐकतात. साडी घेताना आपण इतके बेफिकीर नसतो.

निवडीची माझी कसोटी म्हणजे पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय, वचनं ३ ते १४. मूळ ग्रीकमध्ये ही बारा वचनं मिळून एकच वाक्य आहे. जुन्या धाटणीचं भाषांतर या वाक्याची शेपटी शक्य तितकी लांब ठेवतं. पुस्तकात ते चालतं, कारण नजर मागे नेता येते. नुंगंबाक्कम हाय रोडच्या गर्दीत, रिक्षात, कानात यंत्र घालून ऐकणाऱ्याला ती सोय नाही. कर्ता येऊन जातो आणि क्रियापद येईपर्यंत वळ्ळुवर कोट्टम आलेलं असतं. हा उतारा दोन-तीन आवृत्त्यांत घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. ज्यात वाचणाऱ्याचा दम पुरतो, ती कानासाठीची आवृत्ती. सी. एल. आणि समकालीन इथे आर. व्ही.ला मागे टाकतात, असा माझा अनुभव. पौलाची पत्रं मुळातच मंडळीपुढे वाचून दाखवण्यासाठी होती. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तशी सूचनाच आहे. तेव्हा सोपं केल्याने त्यांचा मान कमी होतो असं मानायचं कारण नाही.

तरीही आर. व्ही. फेकू नका. तेविसावं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, डोंगरावरच्या प्रवचनातली वचनं आजी-आजोबांना तिच्यातच पाठ आहेत. उपासना-संगीतातल्या, ना. वा. टिळकांच्या काळच्या पदांशीही तिचीच भाषा जुळते. पाठांतराला जुनी आणि गोष्ट समजायला नवी, अशी वाटणी केली की आजी-नातवंडांचं भांडण निम्मं मिटतं. वसईच्या घरांत पोरं आपसात सामवेदी बोलतात आणि प्रमाण मराठी त्यांना अर्धी परकी असते. तिथे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घ्यावं. ते टेबलावर ठेवून वाचायचं पुस्तक आहे, टिपांसकट.

ध्वनिमुद्रणांत दोन जाती असतात. एकात एकच वाचक, दुसऱ्यात निरनिराळी पात्रं, पाठीमागे संगीत, लाटा, गर्दी. मुलांना दुसरी जात आवडते आणि मार्ककृत शुभवर्तमानापुरती मलाही. सोळा अध्यायांची ती धावती गोष्ट दीड तासाच्या आसपास संपते. पण स्तोत्रसंहितेखाली बासरी घातली की माझा हात बंदच्या बटणाकडे जातो, कारण कुठे दुःखी व्हायचं ते बासरीच आधी सांगून टाकते. पूर्ण बायबल ऐकायला सत्तर-ऐंशी तास लागतात. इतका वेळ एकच आवाज सोबत करणार असेल, तर निवडीआधी त्याचा नमुना नीट ऐकून घ्यावा. सुरुवात रूथपासून करा, चारच अध्याय आहेत. उत्पत्तीपासून निघालेले बरेच जण लेवीयात उतरतात ते परत चढत नाहीत.

तमिळ मंडळींचीही हीच ओढाताण चालते, हे इथे राहिल्यामुळे कळलं. १८७१ ची संस्कृतप्रचुर आवृत्ती वडीलधाऱ्यांच्या जिभेवर, आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट दोघांनी मिळून केलेली १९९५ ची ‘तिरुविविलियम’ शुद्ध तमिळची आस धरणाऱ्यांकडे. सून तमिळ आणि सासू मराठी, अशी घरं या भागात आहेतच. त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. अलीकडे वचनांचे आकडे काढून सलग छापलेल्या देखण्या आवृत्त्या निघतात. आकड्यांची ही पद्धत १५५१ पासूनची, आणि एकट्याने वाचताना ती खरंच मध्ये मध्ये टोचते. पण संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत एक वचन सासूने मराठीत आणि पुढचं सुनेने तमिळमध्ये वाचायचं असेल, तर दोघींना एका जागी ठेवणारी खूण तीच. अशा घराने आकडे नसलेलं पुस्तक भेट म्हणून आलं तरी बदलून आणावं.

– नुंगंबाक्कमकर