फळ्यावरची यादी कोण करतं?

गावच्या वाचनालयात शिरलं की दाराशीच एक फळा दिसतो. श्रावणात त्यावर व्रतकथांची नावं येतात, दिवाळीत अंकांची, मे महिन्यात मुलांच्या गोष्टींची. 'खास महिलांसाठी' म्हणून पाककृती, रांगोळी आणि सौंदर्य मात्र बारा महिने. बारामती-इंदापूर भागात काम करताना हा फळा मी आवर्जून वाचते. गाव बाईकडे कसं बघतं, ते त्यावर कळतं.

ही यादी निरुपद्रवी वाटते. पण कामातून अर्धा तास काढून आलेली बाई कपाटं चाळत बसत नाही. ग्रंथपाल पुढे ठेवतील ते पिशवीत टाकते आणि भाकरीच्या वेळेला घर गाठते. म्हणजे तिने काय वाचायचं हे बऱ्याच अंशी ती यादीच ठरवते. म्हणून यादी हा आपल्या चळवळीचा विषय आहे.

हंगाम बघून पुस्तकं सुचवायला माझी हरकत नाही. १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी वाचकाला हंगामी वाचनाची सवय आहे. प्रश्न एवढाच, की हंगाम कुणाचा धरायचा? पंचांगातला, की बाईच्या कष्टाचा?

आपल्याकडचा सर्वांत मोठा हंगाम उसाचा. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी इथले कारखाने दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या फडावर उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या नावावर, हिशेब त्याच्या नावावर. तिच्या घामाला वेगळं नाव नाही. १५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो, त्यानंतर थोड्याच दिवसांत या बाया येतात. कित्येक महिने आपल्याच शिवारात राहतात. पण अनामत आणि कायमचा पत्ता मागणाऱ्या वाचनालयाच्या लेखी त्या नसतातच. गावातल्या बाईची गत तरी काय निराळी? घरात सभासदत्वाचं कार्ड असलंच तर ते बहुधा कर्त्या पुरुषाच्या नावाचं.

मग यादी कशी असावी?

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. त्या दिवसांत जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई कपाटातून बाहेर काढाव्यात. ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं, त्यासाठी नवऱ्याचा मार सोसला, आणि स्वतःची कहाणी अभंगात सांगितली. वारीच्या वाटेवरच्या बाईला ती परकी वाटणार नाही.

गळिताच्या दिवसांत बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ठेवावं. बेबीताई फलटणच्या, म्हणजे नीरा ओलांडली की त्यांचं गाव. आपल्या छोट्या दुकानात बसून त्या पुड्या बांधायची रद्दी वाचत. लिहिलेलं वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. पुस्तक गादीखाली ठेवणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे कळायला हवं.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला जातो. त्याच आठवड्यात शाळकरी मुक्ता साळवेचा १८५५चा निबंध आणि ताराबाई शिंदे यांची १८८२ची 'स्त्रीपुरुष तुलना' मोठ्याने वाचायला किती वेळ लागेल?

अक्षर न आलेल्या बाईचं काय? तिच्यासाठी एकत्र ऐकणं आणि एकत्र बघणं. आठ मार्चला 'उंबरठा' (१९८२) दाखवता येईल. दिग्दर्शक जब्बार पटेल शेजारच्याच दौंडला डॉक्टरकी करत होते. लग्नसराईच्या तोंडावर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' (१९९५) दाखवावा. लग्नाच्या दिवशीच अपघात होतो, मुलगी अपशकुनी ठरते आणि पुढे तिच्याच कमाईवर घर चालतं. चित्रपट संपल्यावर अर्धा तास बोलायला ठेवावा. बाया खरं बोलतात ते तेव्हाच.

"पण बायकाच पाककृती मागतात," असं ग्रंथपाल म्हणतात. ते खोटं नाही. दमलेल्या बाईला हलकंफुलकं वाचायचा पूर्ण हक्क आहे. त्या पुस्तकांना नावं ठेवून आपण शहाण्या ठरत नाही. पण जे कधी हातातच पडलं नाही, ते ती मागणार कसं?

ग्रंथपालांशी भांडण काढण्यातही अर्थ नाही. तुटपुंज्या मानधनावर, अनुदानाची वाट बघत ही माणसं वाचनालयं चालवतात. त्यांत बायाही आहेत. मात्र १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेणारं वाचनालय सार्वजनिक आहे. त्याच्या यादीबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला आहे.

मैत्रिणींनो, आपापल्या गटाने चार गोष्टी मागाव्यात. बाईच्या स्वतःच्या नावाचं कार्ड. तिला जमेल अशी दुपारची वेळ. पुस्तक खरेदीच्या बैठकीत दोघी-तिघींना जागा. आणि हंगामात तोडकऱ्यांच्या कोप्यांवर अनामतीशिवाय पुस्तकांची एक पेटी. चार पुस्तकं परत आली नाहीत, तर ती कुणाच्या तरी घरात वाचली जातायत एवढाच त्याचा अर्थ. पुढचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत फळ्यावरची एक तरी यादी आपल्या हातची असली पाहिजे.