मामा-सानचे ऐकणे

जपानविषयी लिहिताना रात्र आली की मराठी लेखणी हमखास हळवी होते. चिंचोळी गल्ली, लालसर कंदील, सात-आठ खुर्च्यांचे मद्यगृह आणि तिथे आपले एकटेपण घेऊन बसलेला नोकरदार. हे चित्र आता इतके सरावाचे झाले आहे की त्यात कुणी गाळले गेले आहे का, असा प्रश्नही आपल्याला पडत नाही. आमच्या मते त्यात काउंटरपलीकडची बाई गाळली गेली आहे.

टोकियोच्या योत्सुया भागातील अराकिचो ही एकेकाळची गेइशावस्ती. आज तिथल्या गल्ल्यांत लहान मद्यगृहे आणि 'स्नॅक' दाटीने आहेत. स्नॅक (जपानी उच्चारात 'सुनाक्कु') म्हणजे उपाहारगृह नव्हे. 1964 च्या ऑलिंपिकच्या सुमारास उशिरापर्यंत चालणाऱ्या मद्यगृहांवर निर्बंध आले, तेव्हा किरकोळ खाणे देणारी जागा म्हणून चालू राहण्याची वाट काहींनी काढली आणि त्यातून हे नाव रुजले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. बैठकीचे ठरावीक शुल्क, चाखण्याची बशी, गिऱ्हाइकाच्या नावाने फळीवर ठेवलेली बाटली, काराओके आणि या साऱ्याच्या केंद्रस्थानी 'मामा'.

मराठी कानाला मामा म्हणजे आईचा भाऊ; इथे मात्र ती आई आहे, आणि आमचा आक्षेप नेमका इथून सुरू होतो. आपण घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हणतो. नाते जोडले की पगाराचा विषय काढणे तिला अवघड जाते. 'मामा'चेही तसेच. तिचे ऐकणे हा तिचा स्वभाव, तिची माया ठरते. तिचे काम ठरत नाही. वास्तविक गिऱ्हाइकाचे तेच गाऱ्हाणे दहाव्यांदा नव्याने ऐकणे, दोन अबोल माणसांत संभाषण जुळवणे, चढलेल्या माणसाला न दुखावता घरी धाडणे हे कौशल्य आहे, आणि त्याचीच किंमत गिऱ्हाईक मोजत असते.

गंमत अशी की जे आस्वादकांना दिसत नाही, ते कायद्याला दिसते. करमणूक व्यवसायांचे नियमन करणारा जपानी कायदा 1948 चा. त्यात 'सेत्ताइ', म्हणजे गिऱ्हाइकाचे मन रमवणे, ही स्वतंत्र संकल्पना आहे. काउंटरपलीकडून पेला भरून देणे आणि शिष्टाचारापुरते बोलणे चालते. शेजारी बसून गप्पा रंगवल्या किंवा जोडीने गाणे गायले की ते सेत्ताइ ठरते, त्याला वेगळा परवाना लागतो आणि पहाटेपर्यंत दुकान उघडे ठेवता येत नाही. म्हणजे ज्या काउंटरला आपण जिव्हाळ्याचे प्रतीक म्हणतो, ती कायद्याच्या लेखी एक सीमारेषाही आहे. कायद्याची दृष्टी नीतिरक्षकाची आहे, श्रमाचा सन्मान करणाऱ्याची नाही, हे खरे. तरी बोलणे हीच इथली विक्रीची वस्तू आहे, एवढे तो जाणतो.

कुणी म्हणेल, मामा बहुधा स्वतःच मालकीण असते. तिला शोषित ठरवून तुम्ही तिचा अभिमान हिरावून घेत आहात. आम्ही तिला शोषित म्हणतच नाही. मालकीण असेल तर तिला भाडे आहे, उधारी आहे, हिशेब आहे. मिकिओ नारुसे यांनी 1960 साली 'स्त्री जेव्हा जिना चढते' या अर्थाच्या शीर्षकाच्या चित्रपटात गिंझातील एका मामाची कथा सांगितली, तेव्हा किमोनोचा आणि अत्तराचा खर्च, गिऱ्हाइकांची थकलेली बिले हे सारे पडद्यावर आणले. त्याने त्या बाईचे गूढ उणावले नाही. उलट रोज संध्याकाळी तो जिना चढणे किती जड आहे, हे प्रेक्षकाला कळले. ज्या समीक्षेला हिशेबाची वही दिसताच काव्य नासेल अशी भीती वाटते, तिने हा चित्रपट पाहावा.

आमचे म्हणणे वर्गातल्या वाचनाबद्दलही आहे. जपानी एकटेपणावर निबंध लिहून घेताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न द्यावा: निवेदक काउंटरच्या कोणत्या बाजूला बसला आहे, आणि समोरची बाई दुकान बंद करून, पेले विसळून किती वाजता घरी जाते? बहुतेक कथांत याचे उत्तर सापडणार नाही. निबंध त्या न सापडण्यावर लिहावा.