रिपोर्ट निगेटिव, बोटं सुजलेली

गेल्या वर्षी पंधरा दिवसांच्या अंतराने आमच्या घरात दोन रिपोर्ट आले. मावशीचा आरए फॅक्टर पॉझिटिव, आईचा निगेटिव. मावशी दोन दिवस नीट जेवली नाही. आईने देवापुढे साखर ठेवली. आज आई ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे आमवाताच्या गोळ्या घेतेय आणि मावशीला आमवात नाहीच!

तुम्ही म्हणाल, कोड लिहायचा सोडून हा डॉक्टरकीत कुठे घुसला? पण आईच्या चार महिन्यांचा प्रश्न होता हो. शिवाय खोटे अलार्म आणि न वाजलेले अलार्म हे तर आमच्या धंद्यातलं रोजचं दुखणं.

आधी साधा हिशोब करू. आमवात असलेल्या दहापैकी साधारण सात जणांत आरए फॅक्टर सापडतो, तिघांत नाही. उलट धडधाकट माणसांतही शंभरात पाचेक जणांत तो निघतो, वय वाढलं की जास्तच. आता रस्त्यावरून हजार माणसं पकडून आणली आणि त्यांत दहा जणांना आमवात आहे असं धरलं, तर सात खरे पॉझिटिव आणि पन्नासच्या आसपास खोटे! म्हणजे पॉझिटिव आलेल्या आठांतल्या सातांना आजारच नाही. लॅबने काहीही चूक केलेली नाही बरं का. टेस्टच तशी आहे. अँटी-सीसीपी नावाची दुसरी टेस्ट खोटे अलार्म कमी देते, पण खरे रुग्ण तीही सोडतेच.

मावशीचा आकडा २८ होता, लॅबची मर्यादा २०. डॉक्टरांनी तिची बोटं दाबून पाहिली. दुखत होती ती नखाजवळची पेरं, तीही कडक, गाठ आल्यासारखी. ही वयाची झीज. आमवात सहसा ती पेरं सोडतो आणि मधली पेरं, मुठीचे उंचवटे, मनगटं धरतो. विषय संपला.

आईचं उलट. सकाळी तास-दीड तास मूठ वळायची नाही, कुकरचं झाकण बाबा लावायचे. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, हात नाही पाहिले. "निगेटिव आहे, वयाप्रमाणे होतंच," म्हणाले. आम्हीही खूष होऊन घरी आलो. चार महिने गेले. यात मीही दोषी आहे, कारण आई कुरकुरली की मी तिला तोच कागद दाखवायचो.

शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी वीस मिनिटं फक्त सांधे मोजले. २०१० साली अमेरिका आणि युरोपच्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून एक गुणपद्धत काढली आहे. सांध्यांना पाच गुणांपर्यंत, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी मिळून तीनपर्यंत, ईएसआर किंवा सीआरपी वाढलेला असेल तर एक आणि त्रास सहा आठवडे किंवा जास्त असेल तर एक. एकूण दहा, त्यात सहा आले की आमवात धरतात. ही पद्धत मुळात संशोधनासाठी केलेली, त्यामुळे डॉक्टर ती वाटाड्या म्हणून वापरतात, कायदा म्हणून नव्हे. आणि आधी निदान एक सांधा खरोखर सुजलेला हवा, त्या सुजेला दुसरं चांगलं कारण नको. चिकुनगुनियानंतर हुबेहूब असेच सांधे धरतात, म्हणून तेही विचारून झालं.

आईचे आठ छोटे सांधे, तीन गुण. रक्ताचे शून्य. सीआरपीचा एक, मुदतीचा एक. पाच! एका मार्काने नापास. मी विचारलं, "म्हणजे आहे की नाही?" ते म्हणाले, "आज सांगता येत नाही. हातांची सोनोग्राफी करा, सकाळी हात किती वेळ आखडतात ते लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी या."

मला तेव्हा राग आला होता. आम्हाला शून्य किंवा एक लागतं ना! सोनोग्राफीत वरून न दिसणारी सूज आणखी चार सांध्यांत सापडली. दहाच्या वर सांधे गेले की पाच गुण. बेरीज सात. मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आठवड्यातून एकदा.

आता माझं मत. "काही नाही, घरी जा" आणि "अजून सांगता येत नाही, तीन आठवड्यांनी या" ही दोन्ही उत्तरं पेशंटला सारखीच वाटतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात फाइल बंद होते, दुसऱ्यात उघडी राहते. या आजारात औषध पहिल्या काही महिन्यांत सुरू झालं तर सांधे वाचायची शक्यता जास्त, म्हणून फाइल उघडी असणं महत्त्वाचं. अनिश्चितता म्हणजे डॉक्टर कच्चा, असं नाही. तारीख न दिलेली अनिश्चितता मात्र वाईट.

आणि ते हेल्थ पॅकेजमधले "आर्थ्रायटिस प्रोफाइल" आई-वडिलांना वाढदिवसाला भेट देऊ नका राव. त्याऐवजी सकाळी चहा घेताना कप कसा धरतात ते बघा. पेरं सुजलीत, हात बराच वेळ आखडतात, महिना-दीड महिना झाला, तर रिपोर्ट काहीही म्हणो, हात दाखवायला न्या.

असो. काल कुकरचं झाकण आईने लावलं. शिट्टी ऐकूनच हे लिहायला बसलो.